मिटायची राहिलेली खुर्ची

हे कुणाला सांगायचं नाही, असं मावशीने मला दोनदा बजावलं आहे. एकदा फोन ठेवल्याबरोबर, आणि एकदा जेवणं झाल्यावर, भांडी विसळताना, माझ्याकडे न बघता. मी तशीही कुणाला फारसं काही सांगत नाही. पण आज शनिवार आहे आणि मंगळवारपर्यंतच मुदत आहे. मला बोलून नीट सांगता येणार नाही, म्हणून क्रमाने लिहून काढते. यातलं बरंचसं मावशीनेच मला चादरींच्या घड्या घालताना सांगितलं. उरलेलं मी पाहिलं.

मावशी कॉलेजच्या चॅपलची देखभाल करते. अकरा वर्षं करते आहे. त्या इमारतीत कुठल्याच धर्माची खूण नाही. भिंती पांढऱ्या, खिडक्या उंच, समोर एक लाकडी मेज आणि घडीच्या खुर्च्या. नाव कॉलेजचं असलं तरी वापर सगळ्या गावाचा. गाण्याच्या मुलांची तालीम तिथे, रक्तदान तिथे, शोकसभा तिथे. लग्न कुणाच्या पद्धतीने करायचं यावर ज्या दोन घरांचं जमत नसे, त्यांची लग्नंही तिथेच व्हायची. मावशी म्हणायची, मी पाहिली तितकी भांडखोर वऱ्हाडं दुसऱ्या कुणी पाहिली नसतील, आणि गप्प बसवलीही नसतील.

दर बुधवारी चार वाजता तिथे शांतबैठक असते. दाराशी एक पेटी आहे. ज्याचं माणूस आजारी आहे, दूर आहे, हरवलं आहे किंवा गेलं आहे, त्याने पेटीत चिठ्ठी टाकायची. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, फक्त नातं लिहायचं. माझी आई. आमचे शेजारी. नावावरून माणूस कुठला ते कळतं, आणि चॅपलमध्ये ते कळायला नको, म्हणून हा नियम. प्रत्येक चिठ्ठीसाठी पहिल्या रांगेत एक रिकामी खुर्ची उघडायची. मावशी चिठ्ठ्या वाचते, मग दहा मिनिटं सगळे गप्प बसतात, आणि शेवटी लोक उठायच्या आत ती एकेक रिकामी खुर्ची मिटून भिंतीला लावते. खुर्ची उघडी ठेवून कुलूप घालायचं नाही, हे तिला कामावर रुजू झाली त्याच दिवशी सांगितलेलं होतं. तिला वाटायचं, नीटनेटकेपणासाठी असेल.

'माझा मुलगा' अशी एक चिठ्ठी तर दर बुधवारी असायचीच. अक्षर एकच, जाड पेन्सिलीचं. ती कोण टाकतं हे मावशीने कधी शोधलं नाही. शोधायचं नसतं.

मग दादा हरवला. दादा म्हणजे मावशीचा मुलगा, माझा मावसभाऊ. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होता, इतका उंच की स्वयंपाकघरात येताना मान खाली घालायचा. माझी शाळा इथे म्हणून मी मावशीकडे राहते, त्यामुळे तो मला सख्ख्यासारखाच. मी कोपऱ्यात बसून सगळ्यांचं बोलणं ऐकत राहते म्हणून त्याने माझं नाव टीपकागद ठेवलं होतं. चार मित्रांबरोबर तो डोंगरावर गेला. धुक्यात वाट चुकली. चौघे परत आले.

शोध सुरू होता तेव्हा चॅपल रोज सकाळपासून गजबजलेलं असायचं. समोरच्या मेजावर नकाशे पसरलेले होते. बसचे ड्रायव्हर सुटी घेऊन डोंगरावर जायचे, कॉलेजच्या मुली थर्मास भरून द्यायच्या, बेकरीवाला पाव पाठवायचा. पहिल्या बुधवारी मावशीने स्वतःची चिठ्ठी टाकली, स्वतःच वाचली, आणि खुर्ची मिटलीही. तेव्हा आशा होती. पुढच्या मंगळवारी, अकराव्या दिवशी, बचावपथकाचे प्रमुख आले. मेजावरचे नकाशे गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले की आता थांबवावं लागतंय. नकाशाची सुरळी त्यांच्या हातातून दोनदा सुटली. मावशीने ती उचलून त्यांना दिली.

दुसऱ्या दिवशी बुधवार. 'माझा मुलगा' अशा दोन चिठ्ठ्या होत्या, एक पेन्सिलीची, एक मावशीची. दहा मिनिटं संपली. मावशी एकेक खुर्ची मिटत शेवटच्या खुर्चीपाशी आली आणि तिचे हात चालेनात. तिला वाटलं, ही मिटली की आपणच आपल्या हाताने त्याच्या तोंडावर दार लावलं. सगळे बघत होते. तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि खुर्ची तशीच ठेवून लोकांना म्हणाली, या आता.

तिने कुलूप घातलं आणि आम्ही घरी आलो.

गुरुवारी दुपारी गाण्याची मुलं तालमीला आली. मावशी खिडक्या पुसत होती. एक मुलगी पहिल्या रांगेतल्या त्या खुर्चीवर दप्तर ठेवायला गेली आणि तिने हात मागे घेतला. मावशीला विचारलं, इथे आत्ता कुणी बसलं होतं का. मावशी म्हणाली, नाही गं, आत्ताच तर कुलूप उघडलंय. मुलं गेल्यावर तिने स्वतः हात लावून पाहिला. आपण बराच वेळ बसून उठल्यावर खुर्ची जशी लागते, तशी ती ऊबदार होती. बाकी सगळ्या खुर्च्या गार. त्या बाजूला ऊनही येत नाही.

त्या दिवसापासून मावशी बदलली. दुपारचं जेवण डब्यात घेऊन ती चॅपलमध्ये जायची आणि त्या खुर्चीशेजारी बसून जेवायची. डब्यात दोन चमचे न्यायची. मी शाळा सुटल्यावर तिला आणायला जायचे, तर दाराबाहेरून तिचं बोलणं ऐकू यायचं. घरातल्याच गोष्टी असायच्या. नळ गळतोय. तुझ्या बुटांना पॉलिश केलंय. रागावले नाही रे मी. मधेच ती थांबायची, समोरच्याला बोलू द्यावं तशी.

मी आत गेले की ती म्हणायची, "बघ, हात लावून बघ." मी लावायचे. ऊबदारच असायची. आणि वास यायचा. दादाच्या गुडघ्याला दुखापत होती, तो चामडी पट्टा बांधायचा आणि औषधी तेल लावायचा, त्याच्या खोलीला सदा त्याचा वास. खुर्चीला तो नव्हता. साचलेल्या पाण्यावरच्या शेवाळाचा वास होता, अगदी हलका. मला वाटलं, हे मावशीच्याही लक्षात आलं असणार. तिने ते मनावर घेतलं नाही. भुकेल्या माणसाच्या पुढे ताट आलं की तो मीठ कमी आहे का ते बघत नाही, तसं तिचं झालं होतं.

पण सोमवारी तिला ते दुसरं कळलं. ती खुर्ची पुसत होती. बैठक गरम, पाठीच्या खालच्या फळ्या गरम, आणि वरच्या दोन फळ्या गार. तिने पुन्हा हात फिरवला. ऊब पाठीच्या मध्यापर्यंतच येत होती. दादा त्या खुर्चीवर बसला की त्याचे खांदे पाठीच्या वर यायचे. मागे बसणारे नेहमी तक्रार करायचे.

जो बसत होता, तो बुटका होता.

ती तशीच खाली फरशीवर बसली. तिथेच तिला सुतारकाकांनी पाहिलं. सुतारकाका म्हणजे कॉलेजच्या खुर्च्या, बाकं, दारं दुरुस्त करणारे म्हातारे. बोलायला कमी, कानावर कायम पेन्सिल. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनी उघडी खुर्ची बघितली आणि विचारलं, ही कधीपासून अशी आहे. मावशीने सांगितलं, सगळंच सांगितलं, आणि शेवटी म्हणाली की तो माझा नाही वाटत.

काका खुर्चीपासून दोन हात लांब उभे राहिले. "ऊब कुठवर येते?" त्यांनी विचारलं.

मावशीने हाताने दाखवलं.

काकांनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. "एवढाच होता," ते म्हणाले.

मावशीला आधी कळेना. मग तिची नजर त्या पेन्सिलीवर गेली. जाड, सुताराची. अकरा वर्षं ती दर बुधवारी ज्याची चिठ्ठी वाचत होती तो माणूस तिच्यासमोर उभा होता, आणि रोज तिच्याकडून चहा पिऊन जात होता.

काकांचा मुलगा बावीस वर्षांपूर्वी तळ्यावर पोहायला गेला होता. पहिल्या वर्षाला होता. सापडलाच नाही. "मी दर बुधवारी येतो," ते म्हणाले. "तू खुर्ची मिटतेस तो आवाज ऐकतो आणि घरी जातो. तू पण मिट बाई आता."

"मग माझा कुठंय?"

"चिठ्ठीवर काय लिहिलं होतंस?"

"सगळे लिहितात तेच."

"मग ज्याला ऐकू गेलं तो आला."

मावशी उठली. हे मला सांगतानाही तिचा आवाज एकदम शांत झाला होता, आणि मला विचाराल तर तेच जास्त वाईट होतं. ती म्हणाली, मग यावेळी नाव लिहिते. नावाने बोलावलं की माझाच येईल.

काका कधी आवाज चढवत नाहीत. तेव्हाही चढवला नाही. म्हणाले, "नको. नावाचा नियम धर्मासाठी केलाय, बरोबर... पण तेवढ्यासाठीच नाही. ज्याच्यापाशी स्वतःचं काही उरलेलं नाही, त्याच्यासमोर नाव ठेवायचं नसतं. तो उचलेल."

"तुमचा मुलगा असून असं बोलता?"

"माझा आहे म्हणूनच बोलतोय," ते म्हणाले आणि गेले. जाताना त्यांनी एकदाच मागे वळून खुर्चीकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

बुधवारी मी मावशीबरोबर होते. खुर्च्या मांडायला तिने मला बोलावलं होतं. आभाळ भरून आलेलं, चार वाजताच दिवे लावावे लागले. नेहमीचीच माणसं आली. बेकरीवाला, दोन ड्रायव्हर, वसतिगृहातल्या मुली, प्राचार्य, सगळ्यात मागे सुतारकाका. मावशीने चिठ्ठ्या वाचल्या. माझे आजोबा. आमची मैत्रीण. माझा मुलगा, ही पेन्सिलीची. मग तिने शेवटची चिठ्ठी उलगडली आणि दादाचं नाव वाचलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मग पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा, हाक मारावी तसं.

त्या भिंतींनी आजवर एकही नाव ऐकलेलं नव्हतं. एका ड्रायव्हरने मान वर केली. प्राचार्य खाकरले. मग ती दहा मिनिटं सुरू झाली. मी डोळे मिटले नाहीत. खिडक्यांवर वारा आपटत होता, दिव्याभोवती एक किडा फिरत होता, आणि पहिल्या रांगेत लाकूड कुरकुरलं. बसल्यावर कुरकुरतं तसं नाही. उठल्यावर कुरकुरतं तसं...

मागे सुतारकाका उभे राहिले होते. त्यांची नजर खुर्चीपासून दारापर्यंत सावकाश सरकत गेली. मला तिथे काहीही दिसलं नाही.

लोक गेल्यावर मावशीने खुर्चीला हात लावला. गार. आठवडाभरात पहिल्यांदा. तिने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली. म्हणाली, उठला गं तो, निघाला घरी. त्या दिवशीही तिने खुर्ची मिटली नाही.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता दादा घरी आला.

बेल वाजली नाही. मावशीने दार उघडलं तर तो उभा होता, तोच चेहरा, तीच हनुवटीवरची खूण, अंगावर कुणाचेतरी ढगळ कपडे. मावशी रडली, हसली, त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. शेजारचे धावत आले. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, फार प्रश्न विचारू नका, आठवेल हळूहळू. दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याने कॉलेजभर पाव वाटले. मीही रडले. खोटं कशाला सांगू, त्या रात्री मला अगदी शांत झोप लागली.

मग मला एकेक दिसायला लागलं. तो स्वयंपाकघरात येताना मान खाली घालत नाही. चौकट त्याच्या डोक्याच्या वर बरीच राहते. मावशी म्हणते, उपासमारीने माणूस खचतो. त्याला चमच्यांचा खण सापडत नाही. त्याचे केस कितीही पुसले तरी वाळत नाहीत. रिकामा असला की तो स्वतःचं नाव पुटपुटत बसतो, नवी चप्पल घालून घरातल्या घरात चालून बघावं तसं. तो जिथे बसणार असतो ती खुर्ची तो बसण्याआधीच ऊबदार असते. मला तो 'अगं' म्हणतो, नाहीतर 'ए' म्हणतो. टीपकागद एकदाही म्हणाला नाही.

आणि सुतारकाका रोज संध्याकाळी येतात. हत्यारांची पिशवी घेऊन येतात आणि आमच्या धडधाकट खुर्च्यांचे स्क्रू आवळत बसतात. दोघं बोलत नाहीत. तो जेवत असतो आणि काका खाली मान घालून काम करतात. परवा काकांच्या हातातून पेचकस पडला. त्याने वाकून तो उचलला आणि दिला, मूठ काकांकडे करून, सुताराच्या घरात शिकवतात तसा. काका बराच वेळ तो पेचकस हातात धरून बसले.

मग परवा, गुरुवारी, काका गेल्यावर फोन आला. मी शेजारीच गृहपाठ करत होते, पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. बचावपथकाचे प्रमुख होते. अडखळत बोलत होते. म्हणाले, आम्हाला कळलंय की मुलगा घरी आला, आनंद आहे, पण दरीच्या तळाशी एक जण सापडलाय. उंच आहे. चेहरा ओळखण्यासारखा राहिलेला नाही, कागदपत्रं नाहीत. गुडघ्याला चामडी पट्टा आहे... म्हणून विचारलं. तुम्ही एकदा येऊन बघाल का?

स्वयंपाकघरात चमचा ताटाला लागल्याचा आवाज थांबला.

मावशी म्हणाली, "माझा मुलगा आत जेवतोय."

ते म्हणाले की मंगळवारपर्यंत ठेवतो. कुणी ओळख पटवली नाही तर नोंद अनोळखी अशी होईल, आणि तिथेच मूठमाती देऊ.

मावशीने फोन ठेवला आणि मला बजावलं, कुणाला सांगायचं नाही. मी तिच्याकडे नुसती बघत राहिले. मग ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मला कळत नाही असं वाटतं का तुला? पहिल्याच दिवशी कळलं. पण तो मला आई म्हणाला गं... आता त्याला मिटू कशी?"

आत ताटावर चमचा पुन्हा वाजायला लागला.

दोन रात्री मी विचार करते आहे. दादा तिकडे थंडीत एकटा पडला आहे. मंगळवारनंतर त्याला नाव उरणार नाही, कारण ते आमच्या घरात दुसरं कुणीतरी वापरतं आहे. मग कधीतरी एखाद्या बुधवारी एखादी आई चिठ्ठी टाकेल, खुर्ची मिटायला विसरेल, आणि तिथे येऊन कोण बसेल हे मला माहीत आहे. त्या खुर्चीच्या पाठीच्या वर त्याचे खांदे येतील. म्हणून ही वही मी सोमवारी बचावपथकाच्या कचेरीत नेऊन देणार आहे. मावशी मला कधीच माफ करणार नाही. पण दादाला ओळखणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

खूण म्हणून एक सांगते, म्हणजे तुम्हाला पटेल की घरातला तो दादा नाही. टीपकागद हे नाव दादाने मला गच्चीवर, आम्ही दोघंच असताना दिलं होतं. ते मावशीलाही माहीत नाही. ते मी कधी मोठ्याने उच्चारलं नाही, कुठे लिहिलंही नाही. या वहीतच काय ते पहिल्यांदा...

आत्ता मागची पानं उलटून पाहिली. आज मी ते तीनदा लिहिलं आहे.

खाली खुर्ची कुरकुरली. उठल्यावर कुरकुरते तशी. मावशी चॅपलमध्ये गेली आहे, घरात आम्ही दोघंच आहोत. जिन्याच्या तळाशी उभं राहून तो मला हाक मारतो आहे, अगदी हळू, जिभेवर घोळवून बघत, आणि 'अगं' म्हणत नाहीये. ही वही मी गादीखाली ठेवते आहे, कुणाला सापडली तर सोमवारी ती